सरपणाचा उजेड : नारा येथील 'ताकिगी नो' आणि त्याचे मानकरी

विहार म्हटला की वंदना, धम्मदेसना, वर्षावास, ग्रंथालय या गोष्टी आपल्यासमोर येतात. विहाराच्या अंगणात नाटक, तेही रात्री जाळ पेटवून, आणि तेही भिक्खूंच्या देखरेखीखाली, ही कल्पना आपल्यापैकी बहुतेकांना नवी वाटेल. पण जपानमध्ये नारा नावाचे जुन्या राजधानीचे शहर आहे. तेथील कोफुकुजी या बौद्ध विहारात अशा नाटकाची परंपरा आहे आणि तिचे लेखी उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतात. या नाटकाला 'ताकिगी नो' म्हणतात. 'ताकिगी' म्हणजे सरपण, जळाऊ लाकूड. 'नो' म्हणजे कौशल्य किंवा कसब, आणि त्यावरूनच तेथील एका प्राचीन नाट्यप्रकाराचे ते नाव झाले.

आज हा प्रकार जगभर नावाजलेला आहे. प्रवासी येतात, फोटो काढतात, मुखवट्यांवर पडलेल्या जाळाच्या उजेडाचे कौतुक करतात. ते कौतुक योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखात केवळ देखाव्याचे वर्णन करायचे नाही. या जाळाच्या उजेडात पूर्वी कोण नाचत होते, त्यांना त्यांच्या काळातला समाज काय म्हणत होता, आणि विहाराने त्यांना काय दिले व काय दिले नाही, हे पाहायचे आहे. कारण इतिहासात देखावा टिकतो आणि तो उभा करणारी माणसे विसरली जातात, हा अनुभव काही एकट्या जपानचा नाही.

कोफुकुजी आणि आपले नाते

कोफुकुजी हा विहार इ.स. ७१० मध्ये नारा राजधानी झाली तेव्हा तेथे उभा राहिला. फुजिवारा या बलाढ्य घराण्याचा तो विहार. पंथ 'होस्सो', म्हणजे आपल्याकडचा विज्ञानवाद, योगाचार. असंग आणि वसुबंधू हे या विचाराचे आचार्य. आता गंमत पाहा, या दोन भारतीय आचार्यांचे लाकडी पुतळे आजही कोफुकुजीत उभे आहेत. उन्केई या थोर शिल्पकाराने आणि त्याच्या हाताखालच्या कारागिरांनी ते सुमारे १२१२ साली घडवले. हा विचार जपानात कसा गेला? नालंदेत शीलभद्रांकडे शिकलेला चिनी यात्रेकरू ह्यु-एन-त्संग, जो पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, त्याच्यापाशी दोशो नावाचा जपानी भिक्खू शिकला. दोशो ६५३ साली चीनला गेला होता. परत येताना त्याने ही विद्या जपानात नेली. म्हणजे नालंदा ते नारा हे अंतर फक्त दोन गुरूंचे आहे.

याच विहारात ७३४ साली पश्चिम सुवर्णगृह बांधले गेले. त्यात तथागतांच्या दहा प्रमुख शिष्यांच्या मूर्ती बसवल्या. कापडावर झाडाच्या चिकाचे थर देऊन केलेल्या या मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलक्या. त्यामुळे आगीच्या वेळी त्या उचलून बाहेर काढता आल्या असे सांगतात. दहांपैकी सहा आज विहारात आहेत. त्यात सारिपुत्त आहेत, पूर्ण आहेत. आनंदांची मूर्ती त्या सहांत नाही. ही तीन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, पुढे ती पुन्हा येणार आहेत.

सरपण कशाचे?

'ताकिगी नो' म्हणजे शेकोटीच्या उजेडातले नाटक, असा अर्थ आज सगळे करतात. वास्तविक मुळात हे सरपण उजेडासाठी नव्हते. जपानी विहारांत दुसऱ्या चांद्रमासात 'शुनिए' नावाचा विधी होत असे. नावाचा अर्थच 'दुसऱ्या महिन्यातील अनुष्ठान'. वर्षभरातल्या दोषांची कबुली द्यायची आणि सर्वांचे कल्याण, पीकपाणी, देशात शांतता यांची कामना करायची, असे त्याचे स्वरूप. नारातल्याच तोदाइजी विहारात हा विधी ७५२ पासून अखंड चालू आहे आणि आता तो मार्चमध्ये होतो. कोफुकुजीत तो पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही सुवर्णगृहांत होत असे. विधीसाठी पवित्र मानलेले सरपण वाजतगाजत आणले जाई. त्या सरपणाच्या निमित्ताने जो खेळ होई तो 'ताकिगी सारुगाकु'. परंपरा त्याचा आरंभ ८६९ सालापर्यंत मागे नेते.

या विधीत आणखी एक प्रकार होता. मंत्र म्हणून, हातवारे करून, पावले टाकून अरिष्ट घालवण्याचे काम काही विधिकर्ते भिक्खू करीत. त्यांना 'शुशी' म्हणत. पुढे पुढे ही नाचरी कृती सारुगाकु खेळणाऱ्या नटांकडे आली. गूढ मंत्राचा अर्थ सामान्य माणसाला दिसेल अशा रूपात मांडायचा, तर त्याला अंग लागते, पाय लागतात, ढोल लागतो. ती विद्या नटांपाशी होती.

मागच्या दाराची कथा

आता एक प्रश्न येथे उभा राहतोच. अष्टशील पाळणाऱ्याने नाच, गाणे, वादन, खेळतमाशे यांपासून दूर राहायचे, हे आपण जाणतो. मग विहारात नाटक कसे? जपानमधल्या नटांनाही हा प्रश्न पडला असावा, कारण त्यांनी त्याचे उत्तर एका कथेतून दिले आहे. ही कथा झेआमी या थोर नटाने पंधराव्या शतकाच्या आरंभी आपल्या 'फूशिकादेन' या ग्रंथात लिहून ठेवली.

कथा अशी. श्रावस्तीत अनाथपिंडिकाने जेतवन विहार बांधून दान केला. त्या समारंभात तथागत धम्मदेसना देत होते. तेवढ्यात देवदत्त दहा हजार विरोधकांना घेऊन आला. झाडांच्या फांद्या, बांबूची पाने हातात घेऊन ती मंडळी नाचू लागली, आरडाओरडा करू लागली. समारंभ पुढे जाईना. तथागतांनी सारिपुत्तांना नजरेने खूण केली. सारिपुत्त विहाराच्या मागच्या दारापाशी गेले. तेथे ढोल आणि बासरी यांची तयारी झाली. आनंदांची कल्पकता, सारिपुत्तांची प्रज्ञा आणि पूर्णांचे वक्तृत्व एकत्र आले आणि सहासष्ट प्रकारच्या नकला तेथे सादर झाल्या. बासरी-ढोल ऐकून विरोधक मागच्या दाराकडे जमले, पाहू लागले, शांत झाले. तेवढ्या अवधीत पुढच्या बाजूला तथागतांनी समारंभ पार पाडला. आमच्या कलेचा उगम हा असा भारतात झाला, असे झेआमी सांगतो.

हा इतिहास नाही, हे उघड आहे. आपल्या परिचयाच्या पाली परंपरेत जेतवनाच्या दानाची कथा आहे, त्यात हा प्रसंग नाही. पण खोटी म्हणून ही कथा बाजूला टाकणे बरोबर होणार नाही. तिच्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत.

पहिली, मागचे दार. जपानी विहारांत मुख्य मूर्तीच्या पाठीमागे एक दार असते, त्याला 'उशिरोदो' म्हणतात. शुनिएसारख्या विधींच्या वेळी सारुगाकुवाले खरोखरच या मागच्या दारापाशी आपली कला सादर करीत. पुढच्या बाजूला विधी, प्रतिष्ठित मंडळी, आणि मागच्या बाजूला हे लोक. झेआमीच्या कथेत मागच्या दाराचे काम पुढच्या दारापेक्षा कमी नाही. किंबहुना मागे नाटक चालले म्हणूनच पुढे देसना पूर्ण झाली!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्याला जग हलका समजते तो माणूस आपली वंशावळ सांगताना राजा-सरदारांची नावे घेत नाही. तो सारिपुत्तांचे नाव घेतो, आनंदांचे, पूर्णांचे घेतो. असे का, हे समजायला त्या काळात सारुगाकुवाल्यांची पायरी कोणती होती ते पाहावे लागेल.

भिकाऱ्यांचा धंदा

'सारुगाकु' या शब्दातील 'सारु' म्हणजे माकड. शब्दशः अर्थ माकडाचे संगीत. कसरती, नकला, विनोद, जादू करीत गावोगाव फिरणाऱ्यांचा हा पेशा. त्यांना जमीन नाही, कायमचा ठावठिकाणा नाही. कोफुकुजीच्या दाइजोइन या शाखेचे प्रमुख जिन्सोन (१४३० ते १५०८) यांनी आपल्या नोंदींत फिरस्त्यांचे सात प्रकार दिले आहेत. भटक्या नर्तकी, भटक्या देवऋषिणी, घंटा बडवणारे, वाडगे बडवणारे, माकडे खेळवणारे यांच्या पंक्तीत सारुगाकुवालेही आहेत. हे सातही प्रकार नारातील 'शोमोजी' नावाच्या हीन मानलेल्या लोकांच्या ताब्यात होते. आता हा 'शोमोजी' शब्द पाहा. त्याच्या लिहिण्यातील पहिली दोन अक्षरे म्हणजे 'श्रावक'. ज्या शब्दाने तथागतांच्या शिष्यांचा गौरव होतो, तोच शब्द तेथे एका दडपलेल्या गटाचे नाव होऊन बसला होता.

अशा लोकांत कानआमी (१३३३ ते १३८४) हा नट जन्मला. झेआमी हा त्याचा मुलगा. सुमारे १३७४ साली क्योतो शहरात इमाकुमानो येथे बापलेकांचा खेळ झाला. तो पाहायला शोगुन आशिकागा योशिमित्सु स्वतः आला. शोगुन म्हणजे देशाचा खरा सत्ताधारी, वय जेमतेम सोळा-सतरा. झेआमी तेव्हा बारा वर्षांच्या आसपास. शोगुनला खेळ आवडला, मुलगाही आवडला, आणि या कुटुंबाला राजाश्रय मिळाला. पण म्हणून लोकांची नजर बदलली का? नाही. १३७८ साली गिओनच्या उत्सवात योशिमित्सुने झेआमीला आपल्याशेजारी बसवले, तेव्हा सान्जो किन्तादा या दरबारी उमरावाने आपल्या रोजनिशीत नाराजी नोंदवली. हे सारुगाकु म्हणजे भिकाऱ्यांचा धंदा, आणि असल्या पोराला शोगुन जवळ बसवतो, असा त्याचा सूर होता. ती रोजनिशी आजही उपलब्ध आहे. शेजारी बसवले एवढ्यावरून कोणाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, हे वाचताना आपल्या वाचकाला फार लांबचे वाटणार नाही.

'फूशिकादेन' लिहिणारा झेआमी हा तोच मुलगा, मोठा झालेला. त्याने आणखी एक काम केले. 'सारुगाकु' लिहिताना माकडाचे अक्षर न वापरता त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर त्याने घेतले. 'देव' या अर्थाच्या अक्षराचा डावा भाग काढला की ते अक्षर उरते, आणि ही सूचना राजपुत्र शोतोकुने केली, असे त्याने लिहिले. शोतोकु म्हणजे जपानात बौद्ध धम्म रुजवणारा पुरुष. नाव बदलणे ही छोटी गोष्ट नसते. ज्यांना वाईट नावे चिकटवली जातात त्यांनाच त्याचे मोल कळते.

विहाराने काय दिले?

यामातो प्रांतात, म्हणजे आजच्या नारा परिसरात, सारुगाकुच्या चार मंडळ्या होत्या : एन्मान्इ, युझाकी, तोबी आणि साकादो. त्यांच्यातूनच पुढे अनुक्रमे कोन्पारु, कान्झे, होशो आणि कोन्गो ही घराणी झाली. ती आजही चालू आहेत. मध्ययुगात यामातो प्रांतावर प्रत्यक्ष सत्ता कोफुकुजीचीच होती. विहारापाशी जमिनी होत्या, शस्त्रधारी भिक्खू होते. चारही मंडळ्यांना दर वर्षी दुसऱ्या महिन्यात ताकिगीसाठी हजर राहणे बंधनकारक होते. म्हणजे आश्रय होता तसा वचकही होता. खेळ दक्षिणेच्या महाद्वारासमोर, 'नान्दाइमोन'पुढे, थेट हिरवळीवर होई. गवत किती ओले आहे ते विहाराचे लोक तपासत आणि खेळ होणार की नाही ते ठरवत. निर्णय त्यांचा, पाय नटांचे.

तेव्हा सत्य दोन्ही बाजूंनी सांगितले पाहिजे. जात-पायरीची उतरंड विहाराने मोडली नाही. उलट जिन्सोन यांच्या नोंदीसारख्या कागदांतून ती अधिक पक्की झाली. पण त्याच विहाराने या लोकांना वर्षातून एकदा हक्काची जागा दिली, हक्काचे प्रेक्षक दिले. जेथे चार मंडळ्या एकमेकींसमोर खेळतात तेथे चढाओढ होते, कसब वाढते. राजाश्रय राजाच्या लहरीवर असतो. विहाराचा दुसरा महिना मात्र दर वर्षी येतोच.

मंचावर कोण आले?

या लोकांनी मंचावर कोणाला आणले तेही पाहण्यासारखे आहे. नो नाटकात पुष्कळदा एक प्रवासी भिक्खू येतो, वाटेत त्याला कोणी साधा माणूस भेटतो, आणि तो माणूस म्हणजे तेथेच मेलेल्या कोणाचे तरी भूत असते. भूत आपले दुःख सांगते, भिक्खू ऐकतो. ऐकणे हेच त्याचे मोठे काम.

'उकाइ' या नाटकात पाणकोळी पक्ष्यांकडून रात्री मशालीच्या उजेडात मासे धरणारा एक म्हातारा आहे. मनाई असलेल्या पाण्यात मासे धरले म्हणून लोकांनी त्याला पाण्यात बुडवून मारले. जीव मारण्याचा धंदा म्हणून त्याच्या वाट्याला पाप, आणि पोटासाठी दुसरा धंदा नाही. पण कधीकाळी त्याने एका भिक्खूला रात्रीचा आसरा दिला होता. तेवढ्या पुण्यावर आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या बळावर तो मुक्त होतो. हीन धंद्याच्या माणसाला मुक्तीचे दार बंद नाही, हे रंगमंचावरून सांगणारे स्वतः हीन ठरवलेलेच होते.

कानआमीचे 'सोतोबा कोमाची' तर याहून पुढे जाते. 'सोतोबा' म्हणजे आपला 'स्तूप', त्याचा लाकडी स्मारकस्तंभ. कोमाची ही एके काळची रूपवान कवयित्री, आता म्हातारी भिकारीण, थकून अशाच एका पडक्या स्तूपावर बसते. कोया पर्वतावरचे भिक्खू तिला रागावतात, पवित्र वस्तूवर बसतेस, ऊठ! ती उठत नाही. वाद घालते. एकेका मुद्द्याला उत्तर देते, आणि शेवटी भिक्खूच तिच्यापुढे नतमस्तक होतात. ज्याच्या पेशाला भिकाऱ्यांचा धंदा म्हटले गेले त्या कानआमीने भिकारणीला विद्वानांवर जय मिळवून दिला!

सादो बेटावरचा म्हातारा

झेआमीचे पुढे काय झाले? योशिमित्सु गेला, नवे शोगुन आले. सहावा शोगुन योशिनोरी याची झेआमीवर मर्जी नव्हती. १४३२ साली झेआमीचा कर्तबगार मुलगा मोतोमासा वारला. १४३४ साली सत्तरी उलटलेल्या झेआमीला सादो या दूरच्या बेटावर हद्दपार केले गेले. शोगुनने दिलेले शोगुनने काढून घेतले. या काळात त्याच्या बायकोची काळजी जावई कोन्पारु झेन्चिकुने घेतली आणि त्यालाही पैसे पाठवले. त्याबद्दल आभार मानणारे झेआमीचे पत्र आजही उपलब्ध आहे.

बेटावर त्याने 'किन्तोशो' नावाची गेय रचनांची छोटी पोथी लिहिली. सादोचे समुद्र, डोंगर, त्याच्याआधी तेथे हद्दपार झालेली माणसे यांबद्दल त्यात आहे. पण शेवटची रचना सादोबद्दल नाही. ती आहे नाराच्या ताकिगीबद्दल! पोथीच्या शेवटी तारीख आहे १४३६ सालातील दुसऱ्या महिन्याची, म्हणजे ज्या महिन्यात कोफुकुजीच्या हिरवळीवर चारही मंडळ्या जमत त्याच महिन्याची. आणि सही आहे 'श्रामणेर झेन्पो' अशी. झेआमीने उतारवयात प्रव्रज्या घेतली होती. शोगुनच्या महालातले खेळ त्याने कितीतरी केले असतील. पण म्हातारपणी, परमुलखात, लेखणी ठेवताना त्याने आठवण काढली ती विहारापुढच्या सरपणाची. तो बेटावरून परत आला की नाही हे इतिहासाला ठाऊक नाही. त्याचे ग्रंथ घराण्यांतून गुप्त राहिले आणि १९०९ साली योशिदा तोगो या इतिहासकाराने छापले, तेव्हा कुठे जगाला कळले की नाट्यकलेवर एवढा खोल विचार करणारा माणूस त्या फिरस्त्यांत होऊन गेला.

दारे उघडली, दारे मिटली

पुढे काळ पालटला. हिदेयोशी या सत्ताधीशाला नोचे इतके वेड की तो स्वतः मंचावर उभा राहिला. तोकुगावा शोगुनांनी (१६०३ ते १८६८) नोला राजदरबारी समारंभाची कला केले. नटांना सामुराईंसारखे वेतन मिळू लागले. भिकारी म्हटलेल्यांचे वारस मानाच्या पंगतीला बसले. पण त्याची किंमत अशी पडली की सामान्य माणसाला ही कला दुर्लभ झाली. किल्ल्यातला नो पाहायला शहरवासीयांना फक्त खास प्रसंगी आत सोडत.

१८६८ च्या मेइजी स्थित्यंतराने दोन्ही आधार एकदम तोडले. नव्या सरकारने बौद्ध विहार आणि शिंतो देवस्थाने वेगळी करण्याचा हुकूम काढला आणि त्यातून बुद्धमूर्ती, विहार यांच्या विध्वंसाची लाट उसळली. कोफुकुजीचे भिक्खू शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी झाले, जमिनी गेल्या, आवाराच्या भिंती पडल्या. पाच मजली स्तूप विकायला काढला होता असे आजही सांगतात. ताकिगीचा खेळ बंद पडला. तिकडे शोगुनशाही गेल्याने नो नटांचे वेतन थांबले. कित्येकांनी मुखवटे, भरजरी वस्त्रे विकली, दुसरे धंदे धरले. उमेवाका मिनोरूसारख्या मोजक्या नटांनी खेळ चालू ठेवला म्हणून परंपरा तुटली नाही. १८८१ साली इवाकुरा तोमोमी या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने तोक्योत शिबा येथे नो नाट्यगृह बांधले गेले आणि 'सारुगाकु' ऐवजी 'नोगाकु' हे नाव रूढ झाले. झेआमीने जे अक्षर बदलून केले, ते साडेचारशे वर्षांनी नावच बदलून झाले.

विसाव्या शतकात नाराचा ताकिगी पुन्हा सुरू झाला. महायुद्धानंतर १९५० साली क्योतोतील हेइआन देवस्थानात, १९५९ साली कामाकुरात असेच खेळ सुरू झाले आणि नंतर ही प्रथा जपानभर पसरली. मागचे आणखी एक दार याच काळात उघडले. शतकानुशतके व्यावसायिक नो पुरुषांचाच होता, १९४८ साली नो नटांच्या संघटनेने स्त्रियांना सभासदत्व दिले. २००१ साली युनेस्कोने नोला मानवजातीच्या अमूर्त वारशात मानाचे स्थान दिले आणि २००८ साली ते अधिकृत यादीत आले.

सादो बेटावर आजही तीसहून अधिक नो रंगमंच आहेत आणि उन्हाळ्यात तेथेही जाळ पेटतात. मात्र ती झेआमीची देणगी म्हणता येत नाही. १६०४ च्या सुमारास सोन्याच्या खाणींवर नेमलेला ओकुबो नागायासु हा अधिकारी, जो स्वतः सारुगाकु नटाचा मुलगा होता, त्याने बेटावर नट नेले. तेथे मग शेतकरीच नो शिकले, गाऊ लागले, नाचू लागले. शहरात कला किल्ल्यात बंद झाली, तेव्हा बेटावर ती शेतकऱ्याच्या अंगणात उतरली.

आज महाद्वारापाशी

आता नारातला आजचा खेळ पाहू. मे महिन्यातील तिसऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी तो होतो. आधी कासुगा देवस्थानात 'ओकिना' हा प्राचीन विधिनृत्याचा भाग होतो, त्याला अजून 'शुशी'चेच नाव आहे. संध्याकाळी कोफुकुजीच्या दक्षिण महाद्वाराच्या जागी, 'प्रज्ञेची हिरवळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर मुख्य खेळ. पांढऱ्या वस्त्राने डोके गुंडाळलेले, जुन्या शस्त्रधारी भिक्खूंच्या वेशातले लोक येतात. गवत तपासण्याची जुनी रीत पार पाडतात. अंधार पडू लागला की लोखंडी टोपल्यांत रचलेले सरपण पेटवतात.

एक बासरी, तीन प्रकारचे ढोल, आठ जणांचा गायकवृंद. मोठ्या हातढोलाचे कातडे खेळाआधी निखाऱ्यावर कडक वाळवावे लागते, तर लहान हातढोलाला ओलावा लागतो, वादक त्याच्यावर मधून मधून श्वास फुंकतो. उघड्या हवेत, दव पडत असताना हे सांभाळणे सोपे नाही. मुखवटा सायप्रस जातीच्या लाकडाचा, त्याला स्वतःचा असा एकच भाव. नट तो किंचित वर करतो तेव्हा 'उजळला' म्हणतात, खाली झुकवतो तेव्हा 'झाकोळला' म्हणतात. बंदिस्त नाट्यगृहातल्या स्थिर दिव्यात ही हालचाल नट एकटा करतो. येथे जाळही हलतो. वारा आला, लाकूड तडकले, की लाकडाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी होऊन जाते, आणि ते कोणाच्याच हातात नसते.

आता त्या महाद्वाराविषयी. १७१७ च्या आगीत ते जळाले आणि पुन्हा बांधले गेले नाही. त्याच आगीत पश्चिम सुवर्णगृहही गेले, ज्याच्या विधीसाठी सरपण येत असे. मध्यवर्ती सुवर्णगृह मात्र २०१८ साली नव्याने उभे राहिले. सारिपुत्त आणि पूर्ण विहाराच्या संग्रहालयात उभे आहेत. महाद्वाराची नुसती जागा उरली आहे. एके काळी ज्यांना मूर्तीच्या पाठीमागच्या दारापाशी उभे करीत, त्यांच्या वारसांना पाहण्यासाठी आज लोक त्या जागेपुढे रांगा लावून बसतात, आणि जाळ पेटवायला विहाराचे लोक स्वतः येतात.